झऱ्याच्या वरची जमीन

ज्यांच्याविषयी मी हे लिहायला बसले आहे, त्यांनी मला एकच अट घातली. "आक्का, काय लिवायचं ते लिवा, पण माझं नाव घालू नकासा. नाव आलं की लोकांना वाटतंय, ह्यानं एकट्यानं केलं." मग मी ठरवलं, कुणाचंच नाव घालायचं नाही. आमच्या गावात सगळे त्यांना पाणी सोडणारे अण्णा म्हणतात. पंचायतीच्या कागदावर त्यांचं पद वॉटरमन असं आहे. गावाच्या टाकीतून कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, ते त्यांच्या हातात. लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलच्या नळीला बांधून ते गावभर फिरत.

मी मूळची बेळगावातल्या वडगावची. आमच्या घरात चार माग होते आणि बाबा साड्या विणायचे. मागांच्या खडखडाटात आम्ही भावंडं अभ्यास करायचो, आणि नळाला पाणी आलं की अभ्यास टाकून घागरी घेऊन धावायचो. पाणी कुठून येतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते नळातून येई आणि पुरेसं येत नसे, एवढंच ठाऊक. लग्न होऊन मी बेळगुंदीच्याही पलीकडं, डोंगराला टेकलेल्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी सवयीनं घागरीच्या तोंडावर फडकं बांधायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "ते डोंगराचं पाणी हाय गं. गाळायला लागत न्हाई."

गावाच्या वर, काजूच्या झाडांमधून अर्धा कोस चढलं की जांभ्या दगडाच्या फटीतून एक झरा बाहेर येतो. जुन्या लोकांनी त्याच्यासमोर दगडी टाकं बांधलेलं. तिथून एक पाइप आपोआप उतारानं गावाच्या टाकीत येतो, त्याला मोटर लागत नाही. पुढं वाहून जाणारं पाणी ओढा होऊन खालच्या गावाला मिळतं. गावात बोअरही मारल्या होत्या, पण भर उन्हाळ्यात त्या धापा टाकायच्या आणि झरा मात्र करंगळीएवढा का होईना, चालू असायचा.

अण्णा रोज सकाळी सहाच्या आधी त्या टाक्यापाशी असत. पालापाचोळा काढत, जाळी धूत आणि ओंजळभर पाणी पिऊन खाली येत. मी बेळगावातल्या एका हायस्कूलच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळं माझी सकाळची बस आणि त्यांचं खाली येणं यांची गाठ पडायची. "आज कसं हाय पाणी, अण्णा?" असं मी गमतीनं विचारायची. ते मात्र गमतीनं उत्तर देत नसत. "कालच्यापेक्षा थोडं जड हाय," म्हणत. पाणी जड कसं असतं ते मला कळत नसे. पंधरा वर्षं त्यांनी ते रोज चाखलं होतं, हे मला फार नंतर समजलं.

मग एका श्रावणात नळाला तांबडं पाणी आलं.

झऱ्याच्या वर उत्तरेकडची एक पट्टी बाहेरच्या कुणीतरी फार्महाऊससाठी घेतली होती. त्यानं उन्हाळ्यात जेसीबी लावून झाडं काढली, उतार कापून सपाट केला आणि काम तसंच टाकून तो निघून गेला. पावसानं ती सुटी माती टाक्यात आणून ओतली. अण्णांनी त्याच क्षणी पाइप बंद केला, पण तोवर टाकीत गाळ उतरला होता. आठवडाभरात गावातल्या वीसेक पोरांना जुलाब सुरू झाले. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिला बेळगावात दवाखान्यात ठेवावं लागलं, हाताला सलाईन लावून. तिसऱ्या दिवशी ती बरी होऊन उठून बसली, तेव्हा अण्णा भेटायला आले. पिशवीत उकडलेली रताळी आणली होती. ते पलंगाच्या कडेला उभे राहिले, बसले नाहीत.

"माझी चूक झाली, आक्का," ते म्हणाले.

"तुमची कशी अण्णा? माती काय तुम्ही टाकली?"

"वर झाडं पडली तवा मी बघितलतो. पाऊस लागल्यावर काय हुईल ते मला दिसत होतं. मी कुणाला बोललो न्हाई. आपण पाणी सोडणारा माणूस, आपलं कोण ऐकतंय, असं वाटलं."

ते एवढंच बोलून गेले. पण त्यानंतरच्या रविवारी त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं, की ज्याला जमेल त्यानं डोंगरावर यायचं. पंधरावीस माणसं गेलो. त्यांनी आम्हाला आधी ती कापलेली पट्टी दाखवली, मग झऱ्याच्या बरोबर वरच्या जमिनीत नेलं. ही सहा एकरांची जमीन गावातल्या एका म्हाताऱ्या आप्पांची. वरच्या अंगाला गवताळ माळ, मध्ये जांभळाची, हिरड्याची दाट झाडी आणि कडेनं काजू. माळावर एक खोलगट जागा होती, तिथं चहूबाजूंनी पावसाचं पाणी येऊन एका बिळात गुडूप होत होतं. गावात सगळे त्याला साळिंदराचं बीळ म्हणत.

"साळिंदर न्हाई तिथं," अण्णा म्हणाले. "हेच पाणी खाली झऱ्याला येतंय. माझा अंदाज हाय."

कुणीतरी हसलं. आप्पांचा मुलगा आमच्याबरोबर होता. तो बेळगावात एका कारखान्यात सुपरवायझर. त्यानं शांतपणे सांगितलं, "अण्णा, तुमचा अंदाज बरोबर असंल. पण ह्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. मी खोटं बोलत न्हाई, दिवाळीनंतर इसार घेणार हाय."

खाली उतरताना अण्णा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अंदाजावर कोण जमीन सोडतंय? दाखवायला पायजे."

मी ही गोष्ट माहेरी बोलले. बाबा म्हणाले, "त्यात काय अवघड? शहापुरात रंगाऱ्याकडनं पुडी आणतो, बिळात ओतूया. खाली पाणी रंगलं की झालं." मला ही कल्पना इतकी आवडली की मी बाबांनाच घेऊन गावी आले. अण्णांनी बाबांना मानानं खाटेवर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "रंग नको बाबा. प्यायचं पाणी हाय ते. जनावरं पण पितात." मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, "भाताचं तूस चालंल."

राईस मिलमधून चार पोती तूस आणलं. अण्णांनी आधी गावाला जाणारा पाइप बंद केला आणि त्या दिवसांपुरतं बोअरचं पाणी सोडलं. पाऊस होताच, बिळात पाणी घुसत होतं. सकाळी आठ वाजता पोती रिकामी केली. तूस भोवऱ्यात गरगरत आत गेलं. बाबा छत्री धरून बाजूला उभे होते, आयुष्यभर रंगीत सुतात राहिलेला माणूस भाताच्या तुसाकडं बघत.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही. गावात थट्टा सुरू झाली. अण्णा टाक्याच्या काठावर घोंगडं घेऊन बसलेच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आणखी दोघीजणी त्यांना भाकरी घेऊन गेलो. ते उठून उभे होते आणि फटीकडं बोट दाखवत होते. दगडाच्या फटीतून पाण्याबरोबर एक एक तूस येत होतं. पिवळसर, बोटाच्या पेरावर मावेल एवढं. मग पाचसहा, मग झुबकाच. टाक्यावर सगळीकडं तूस पसरलं.

दुपारपर्यंत निम्मं गाव टाक्यापाशी येऊन गेलं. आप्पा काठी टेकत चढून आले. त्यांनी पाण्यातलं तूस तळहातावर घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मुलाला म्हणाले, "आपल्या जमिनीतनं गाव पितंय की रं."

मुलगा तसाच खाली उतरून गेला. मला त्याचा राग आला होता, हे मी कबूल करते. संध्याकाळी देवळात बैठक झाली तेव्हा बऱ्याच जणांचा तोच सूर होता. "गावाच्या पाण्याचा प्रश्न हाय, आप्पांनी जमीन गावाला सोडावी," असं एकजण म्हणाला आणि टाळ्याही पडल्या. तेव्हा अण्णा मागून उठले. बैठकीत ते कधी बोलत नसत. दाराजवळ बसायचे, कारण मध्येच पाणी सोडायला जावं लागे.

"मी एक सांगतो," ते म्हणाले. "आप्पांच्या पोराची थोरली पोरगी नर्सिंगला हाय. धाकटीला शिकवायचं हाय. जमीन त्यांचीच. तुमची असती तर तुम्ही सोडला असतासा का? गिऱ्हाईक जो दर द्यालंय तोच दर आपण द्यायचा. कमी न्हाई. फुकट मागून घेतलेलं कुणी राखत न्हाई."

आप्पांच्या मुलानं मान वर केली. "होळीपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "त्याच्या पुढं मला जमणार न्हाई." तो गिऱ्हाइकाला थांबवून धरणार होता, म्हणजे त्याचंही नुकसान होऊ शकलं असतं. माझा राग तिथंच ओसरला.

माझं काम तिथून सुरू झालं. ऑफिसातली बाई म्हणून अर्ज लिहायचं माझ्यावर आलं. तालुक्याला अर्ज केला, जिल्ह्याला केला, कन्नडमध्ये केला, इंग्रजीत केला. सगळीकडं माणसं चांगली भेटली, पण जमीन विकत घ्यायला कुठल्याच योजनेत सोय नव्हती. टाकी बांधायला पैसे होते, पाइप टाकायला होते, नवी बोअर मारायला तर लगेच मिळाले असते. पाणी जिथं मुरतं ती जागा तशीच ठेवायला मात्र कुणाकडं रकाना नव्हता. एका साहेबांनी मला विचारलं, "पण मॅडम, ह्यात काम काय आहे?" मी म्हणाले, "काम न करणं, हेच काम आहे." ते हसले, पण अर्ज परत दिला.

शेवटी बेंगळुरातल्या एका छोट्या संस्थेचं पत्र आलं. निम्मे पैसे ते देणार, निम्मे गावानं उभे करायचे. आधी त्यांची दोन माणसं जागा बघायला येणार होती. ती आली तेव्हा मी इंग्रजीत बोलायची तयारी करून, नकाशा काढून ठेवला होता. त्यातल्या बाईंनी नकाशा बाजूला ठेवला आणि अण्णांना कन्नडमध्ये विचारलं, हे पाणी याच जमिनीतून येतं हे तुम्हाला कसं कळलं? अण्णांचं कन्नड बाजारातलं. "बर्री, तोरस्तीनि," ते म्हणाले. या, दाखवतो. आणि चालायला लागले. ते दिवसभर त्या दोघांना घेऊन फिरले. कुठं गवत काढलं की माती सुटते, कुठल्या झाडाखाली मेमध्येही ओल असते, कुठल्या महिन्यात टाक्यात पाणी किती बोटं उतरतं. पाण्याचं माप त्यांनी टाक्याच्या आतल्या दगडावर खिळ्यानं रेघा मारून ठेवलं होतं. वर्षावर्षाच्या रेघा. मी त्या टाक्याचं पाणी इतकी वर्षं पीत होते आणि त्या रेघा मला कधी दिसल्या नव्हत्या. जाताना त्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या नकाशापेक्षा हा दगड चांगला आहे." मला वाईट वाटलं नाही.

गावाच्या वाट्याचं गोळा करणं सोपं नव्हतं. कुणी काजू विकून दिले, कुणी भाताचं पोतं दिलं, कुणी वर्षभर महिन्याला द्यायचं कबूल केलं. महिला संघानं माझ्या बाबांकडून साड्या घेतल्या. बाबांनी मजुरी लावली नाही, फक्त सुताचे पैसे घेतले. ते दोन महिने आमच्या वडगावच्या घरात एक माग फक्त त्याच साड्यांसाठी चालला. पोपटी साडी आणि जांभळाच्या रंगाचा काठ. आम्ही बायकांनी त्या चिकोडीपासून खानापूरपर्यंत पावण्यापैंच्या घरांत नेऊन विकल्या. एका घरात मला कुणी म्हणालं, "झाडं राखायला पैसे कशाला लागतात?" मी तुसाची गोष्ट सांगितली. तिथं दोन साड्या गेल्या.

तरीही शिमग्याला पंधरा दिवस उरले असताना बरीच तूट होती. गावातल्या प्रत्येकाकडं दोनदोनदा जाऊन झालं होतं. संध्याकाळी आम्ही देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे होणार नाही.

"खालच्या गावाला सांगायचं?" अण्णांनी विचारलं.

कट्ट्यावरचे सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. खालच्या गावाशी आमचं ओढ्याच्या बंधाऱ्यावरून जुनं भांडण. एकमेकांच्या लग्नाला जात होतो, पण पाण्याचा विषय निघाला की आवाज चढायचे. एकेकाळी कोर्टापर्यंत गेलं होतं. "त्यांच्या दारात जायचं?" एक म्हातारे म्हणाले. "ते हसतील."

"हसू देत," अण्णा म्हणाले. "पाणी ते पण पितात."

दुसऱ्या दिवशी अण्णा, आप्पा आणि मी गेलो. आप्पांचं वय बघून तिथल्या लोकांनी चटया टाकल्या. अण्णांनी काही मागितलं नाही. त्यांनी आधी भांडणाचं बोलून टाकलं. "बंधाऱ्याची फळी उन्हाळ्यात चढवून आम्ही तुमचं पाणी अडवत होतो. ते चुकीचं होतं. मीच चढवत होतो, मला पंचायतीनं सांगितलेलं. पुढं तसं व्हणार न्हाई." मग त्यांनी झऱ्याचं, तुसाचं, जमिनीचं सांगितलं. समोर बसलेल्या माणसांपैकी एकजण, वयानं अण्णांएवढाच, बराच वेळ तंबाखू चोळत होता. तो म्हणाला, "तूस आमच्या ओढ्यात पण आलतं. आमची पोरं म्हणाली, वरच्या गावानं घाण टाकली. आम्ही भांडायला येणार हुतो."

"आला असतासा तर चहा दिला असता," अण्णा म्हणाले. तिथं सगळे हसले आणि चटईवरची माणसं जरा सैल होऊन बसली.

खालच्या गावानं दहा दिवसांत त्यांचा वाटा आणला आणि तूट भरून निघाली. ट्रॅक्टरमधून आले, गावच्या पंचांसकट. त्यांच्यात एक आजारी बाई होत्या, ज्यांना चालवत नव्हतं आणि तरी त्या ट्रॅक्टरमध्ये बसून आल्या होत्या. का आलात विचारलं तर म्हणाल्या, "झरा कधी बघितला न्हवता." चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं.

खरेदीपत्र पंचायतीच्या नावानं झालं. त्यात अट घातली की ही जमीन कधी विकायची नाही, इथं खोदाई करायची नाही, बांधकाम करायचं नाही; गवत आणि काजू यांचं जे उत्पन्न येईल ते राखणीला लावायचं. नोंदणी ऑफिसात कागद कन्नडमध्ये होता. आप्पांनी अण्णांना म्हटलं, "मला वाचून दाखव." पंचायतीच्या कागदांमुळं अण्णांना कन्नड वाचता येत होतं; अडलं तिथं मला विचारत त्यांनी एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. चतुःसीमा आली तेव्हा आप्पांनी डोळे मिटले आणि प्रत्येक बाजूला मान हलवली, जणू त्या बांधावरून चालत होते. अंगठा उठवला. मुलानं सही केली. साक्षीदार म्हणून अण्णांची सही झाली. सही करून झाल्यावर त्यांनी पेन पुसून परत दिलं.

बाहेर आल्यावर आप्पांच्या मुलानं अण्णांना नमस्कार केला. "गिऱ्हाइकाला विकली असती तर पैसे एवढेच आले असते," तो म्हणाला. "पण मग डोंगरावर जायला मला लाज वाटली असती."

आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली. उत्तरेकडच्या कापलेल्या पट्टीवर त्याच मालकाच्या परवानगीनं आम्ही आडवे चर काढले, गवत लावलं. पहिल्या पावसाळ्यात थोडं गढूळ आलं, दुसऱ्या पावसाळ्यात नाही. अण्णा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला त्यांनी सहा महिने बरोबर फिरवलं, चावी कशी धरायची इथपासून.

मागच्या वर्षी खानापूरकडच्या एका गावातून बोलावणं आलं. त्यांच्याही ओढ्याच्या वरची जमीन विक्रीला निघाली होती आणि आम्ही कसं केलं ते त्यांना ऐकायचं होतं. "मला बोलाया येत न्हाई," असं म्हणत अण्णा बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, पंच पुढं बसले होते, शाल आणि नारळ तयार होता. अण्णांना पुढच्या खुर्चीत बसवलं. ते बसले आणि त्यांनी पहिलंच विचारलं, "तुमच्यात पाणी सोडणारा कोण हाय?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागं दाराच्या चौकटीला टेकून एक पन्नाशीचा माणूस उभा होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. कुणीतरी त्याच्याकडं बोट दाखवलं.

अण्णा उठले. शेजारची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून आपल्याजवळ घेतली. "या की, हितं बसा," ते त्याला म्हणाले. तो माणूस संकोचत पुढं आला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. अण्णांनी त्याच्याकडं वळून, हॉलमधल्या बाकी कुणाकडं न बघता, हळू आवाजात विचारायला सुरुवात केली, की मेमध्ये तुमच्या ओढ्याला पाणी किती असतं.